जागा करायलाही जागा लागते

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जालन्यात मी आणि माझा भागीदार जिनिंगवाल्यांसाठी बिलांचा प्रोग्राम लिहायचो. चुकलं तर मागे जाता यावं म्हणून प्रत्येक बदलाची जुनी आवृत्ती जपणारी व्यवस्था आमच्या कॉम्प्युटरवर होती. पण माझा भागीदार पठ्ठ्या चहा आला की आवृत्ती जपायचा, चहा संपला की पुन्हा जपायचा! शेवटी हार्ड डिस्क तुडुंब भरली, तीही परतूरचे शेठ फ्लॉपी न्यायला समोर बसलेले असताना. शेवटची दुरुस्ती जपायला जागाच उरली नाही. शेठना संध्याकाळची गाडी गाठायची होती.

"जुन्या आवृत्त्या दाबून एक करतो," मी म्हणालो आणि हुकूम सोडला. उत्तर आलं, जागा नाही. जुनी फाईल पुसण्याआधी दाबलेली नवी फाईल लिहावी लागते, आणि तिलाही जागा हवी! मी कपाळ बडवलं आणि भागीदाराकडे वळलो; त्याच डिस्कवर त्यानं कव्वाल्या भरून ठेवल्या होत्या.

"तुझ्या कव्वाल्या काढ."

"जान माग, कव्वाल्या न्हाई!"

बऱ्याच भांडणानंतर तो तयार झाला, पण प्रत्येक कव्वाली शेवटची ऐकूनच पुसायची या अटीवर. पहिली गेली. दुसरीला शेठचा पाय हलू लागला. तिसरीला मी हात पुढे केला, तर शेठच ओरडले, "थांबा हो! कशाला जल्दी करून राह्यले?"

"शेठ, तुमची गाडी?"

"गाडी उद्या बी हाय. ही पुन्हा कुठं मिळंल?"

मी बटण दाबून तिसरी पुसली. आवृत्त्या दाबल्या गेल्या, फ्लॉपी तयार झाली. स्टेशनपर्यंत दोघंही माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.