गाठीभोवतालचं मांस

चंद्रपुरातले ते सर्जन गाठीवर एकदम हात ठेवत नसत. दुरून, चांगल्या भागापासून चाचपत हळूहळू तिच्यापर्यंत येत, आणि तेवढा वेळ खिडकीकडे बघत. माझी बहीण आता नाही. तिच्या स्तनातली गाठ त्यांनी अशीच तपासली होती. ऑपरेशननंतर काढलेला भाग ट्रेमधून नातेवाइकांना दाखवतात. त्यांनी गाठीवरून नुसतं बोट फिरवलं आणि तिच्याभोवती आत ओढलं गेलेलं मांस मला बराच वेळ दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं त्यांना विचारलं, "एवढीशी गाठ, अन् एवढं काऊन कापलं जी?"

"गाठ एकटी वाढत नाई, बाई. बाजूच्या चांगल्या मांसाले वाटते, इथी जखम झाली. ते भरून काढाले धावते, तिले रक्त पुरवते. त्याच्यानंच तिचं फावते."

"म्हणजे आमच्या मूल गावच्या घरासारखंच. कोणीबी येवो, पयले जेवू घाला."

मी हसलो. ते हसले नाहीत.

हिवाळ्यात गाठ त्याच जागी परत आली आणि या वेळी ती काढण्यासारखी नव्हती. हे सांगायला सर्जन स्वतः तिच्या खाटेशी आले. सांगून झाल्यावरही गेले नाहीत.

"बाजूचं आणखी थोडं काढाले पायजे होतं मी," ते म्हणाले.

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण बहीणच आधी बोलली.

"तुमाले तरी कसं समजन, डॉक्टरसाहेब? ते तर चांगलंच दिसत होतं ना."