भिंतीतून गेलेला हमाल

दादाचे हात आधी गेले. शर्टाची बटणं लागेनात, मग पेन धरवेना. डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला, उपाय नाही हेही सांगितलं. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारा माझा थोरला भाऊ वर्षभरात बडोद्यातल्या गोत्रीच्या फ्लॅटमध्ये खुर्चीला खिळला.

आजारापूर्वी त्याने एक खेळ लिहिला होता. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचं कॅसेटवालं यंत्र असायचं, त्यावर चालेल असा. एक हमाल गोदामात पोती ढकलत ठरलेल्या जागी बसवतो. अशा चाळीस लेव्हल. इंटरनेटवरून तो थोड्या लोकांनी उतरवून घेतला, पण शेवटपर्यंत कोणी पोचल्याचं कळलं नाही.

एकदा तो म्हणाला, आपण दोघं मिळून हा खेळ कमीत कमी वेळात पुरा करू. त्यासाठी बोटांचं कसब लागत नव्हतं. कॉम्प्युटरवर त्या जुन्या यंत्राची नक्कल चालवायची आणि खेळ एकेका फ्रेमने, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राने, पुढे सरकवायचा. सेकंदाला साठ फ्रेम. कुठल्या फ्रेमला कुठलं बटण, याची नोंद होत जाते. चुकलं की मागे जायचं. पुरी झालेली नोंद लावली की खेळ आपोआप खेळला जातो, कुठल्याही माणसाला जमणार नाही इतका अचूक. दादाने सांगायचं, मी दाबायचं.

मी शाळेत गणित शिकवते. रविवारी सकाळी वहिनी खंडेराव मार्केटला गेली की मी त्याच्याजवळ बसायचे. अठराव्या लेव्हलला पोचलो तोवर त्याचं बोलणं जड झालं होतं. एकच गोष्ट मला तीनतीनदा विचारावी लागे. उरलेल्या लेव्हल त्याच्याच्याने होणार नाहीत, हे मला दिसत होतं.

मग घरी एकटीने त्याच अठराव्या लेव्हलवर खटपट करताना मी डावं आणि उजवं बटण एकाच फ्रेमला दाबून पाहिलं. हमाल भिंतीतून पलीकडे गेला. तिथून चार पावलं टाकली आणि थेट खेळ संपल्याचं चित्र आलं.

रविवारी मी ते दादाला मोठ्या हौसेने दाखवलं. त्याने सगळं पाहिलं.

"बावीस लेव्हल," तो म्हणाला.

"हो, बावीस वाचल्या."

"वाचल्या नाहीत. त्या कोणी बघणारच नाही आता."

कमी वेळात खेळ संपवणारे असंच करतात, यात गैर काही नाही, असं मी समजावत राहिले. त्याला ते पटेना. शेवटी माझा तोल गेला. "दादा, तेवढा वेळ नाहीये आपल्याकडे."

त्या घरात हे तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. वहिनी भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती. ती स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या रविवारी दादाने मला जुन्या नोंदीवरून अठरावी लेव्हल लावायला सांगितली. आम्ही पुढे खेळू लागलो. भिंतीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. तेविसाव्या लेव्हलला त्याची वाचा गेली. वहिनीने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली, मी त्यांवरून बोट फिरवायचे आणि हवं ते अक्षर आलं की तो पापणी मिटायचा. एका पावलाला दहा मिनिटं लागायची. सव्वीस लेव्हल झाल्या. सत्ताविसावी लावली तेव्हा त्याने डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मी कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतर त्याने तो मागितला नाही.

उत्तरायणाच्या, पतंगांच्या सणाच्या, चार दिवस आधी तो गेला. सोसायटीतल्यांनी त्या वर्षी गच्चीवर स्पीकर लावले नाहीत.

उन्हाळ्यात वहिनीने ती नोंद बघायला मागितली. आम्ही शेजारी बसून बघितली. सव्वीस लेव्हल भराभर सुटत गेल्या. सत्ताविसावीत हमाल जागच्या जागी उभा राहिला.

"पुढे?" तिने विचारलं.

"इथपर्यंतच आहे."

ती पडद्याकडेच बघत होती. "वेळ नाही म्हणालीस, त्या दिवशी तू गेल्यावर ते रडले," ती म्हणाली. "तुला सांगणार नव्हते मी."

मला माफी मागायची होती, पण कोणाची मागू ते कळेना. ती उठून चहा ठेवायला गेली आणि मी तिथेच बसून राहिले.