आता आधार कार्डाचा काढा

"छान आला. हा लग्नासाठी पाठवा. आता आधार कार्डाचा काढा."

आमच्या मॅडमचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई फोटो स्टुडिओ चालवतात. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप त्यांच्या ताब्यात होता. कुणी बॅटरीवर काम करायचं, कुणी सोलर सेलवर, कुणी हायड्रोजनवर. उद्याची वीज आपणच देणार अशा ऐटीत आम्ही सगळे चिमूटभर पावडर छोट्या डबीत घेऊन त्यांच्या दारात उभे असायचो, गिरणीत दळण घेऊन उभं राहावं तसे. दारावर एकही सूचना लिहिलेली नव्हती. त्याची गरज नव्हती. आत मॅडम होत्या.

तुम्ही असा मायक्रोस्कोप कधी हाताळला नसेल, म्हणून सांगतो. चिमूटभर पावडरीत लाखो दाणे असतात, पडद्यावर एका वेळी दहा-बारा दिसतात. मग आपण काय करतो? नॉब फिरवत फिरवत सगळ्यात देखणी जागा शोधतो, तिथला फोटो काढतो आणि 'आमचं मटेरियल असं दिसतं' म्हणून शोधनिबंधात छापतो. स्थळाकडे फोटो पाठवताना घरोघरी हेच चालतं. मॅडमचा नियम वेगळा होता. आधी हवा तो देखणा फोटो काढा. मग पडद्याकडे पाठ करा, नॉब फिरवा, आणि थांबाल तिथला फोटो घ्या. असे पाच. देखणा फोटो मिळायचा तो या पाचांबरोबरच.

"एकटा फोटो या खोलीतून बाहेर जात नाही," त्या म्हणायच्या. "सोबत घरची माणसं लागतात."

त्या शनिवार पेठेत वाढलेल्या, राहायला वारज्याला. मे महिन्याच्या उन्हात स्कूटरवरून घामाघूम होऊन यायच्या आणि आल्या आल्या स्वेटर घालायच्या, कारण मशीनसाठी एसी कायम चालू. वयाने कितीही लहान असलो तरी आम्हाला 'अहो संशोधक' म्हणायच्या. हा मान आहे की टोमणा, हे मला चार वर्षांत कळलं नाही.

मी पुसदकडचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. कोट्यवधींचं ते मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपोआप वाकून त्याला हात लावला आणि तो छातीला लावला.

"अहो संशोधक, नमस्कार लांबून," मॅडम म्हणाल्या. "हाताचे डाग तुम्हालाच पुसावे लागतील."

मी खरंच रुमाल काढून पुसायला लागलो. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "कुठून आलात?" मी गावाचं नाव सांगितलं. "जेवलात का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. जेवलो नव्हतो, पण हो म्हणालो. त्यांनी डब्यातला ढोकळा पुढे केला. "खोटं बोलताना कान लाल होतात तुमचे. खा. बाहेर जाऊन."

माझं काम सोडियमच्या बॅटरीवर होतं. लिथियमपेक्षा स्वस्त, म्हणून सगळ्यांची आशा तिच्यावर. अडचण एकच: पुन्हा पुन्हा चार्ज केलं की आतले दाणे फुगतात, आकसतात आणि तडकतात. मी दाण्यांना कार्बनचा पातळ लेप दिला होता. आता दाणे तडकत नाहीत, असा माझा दावा होता. पुढच्या आठवड्यात समितीसमोर तो सिद्ध करायचा होता. समितीला पटलं तर फेलोशिप पुढे चालू, नाही पटलं तर सामान बांधून पुसद. तिकडे वडिलांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, की पोरगा गाड्यांच्या बॅटऱ्या बनवून राहिला.

त्या दिवशी पुन्हा पुन्हा चार्ज केलेल्या बॅटरीतली पावडर मशीनखाली ठेवली आणि अर्ध्या तासात मला जागा सापडली. गोल, गुळगुळीत, अखंड दाणे, मोतीचुराचा लाडू जवळून पाहावा तसे! मी फोटो काढला आणि उड्या मारायचंच काय ते बाकी राहिलं.

"छान आला," मॅडम म्हणाल्या. "लग्नासाठी पाठवा. आता पाठ करा."

मी पाठ केली, नॉब फिरवला, वळून पाहिलं. तडकलेले दाणे. पुन्हा फिरवला. पुन्हा तडे. पाचही फोटोंत कुणीतरी भाजलेला पापड चुरून ठेवल्यासारखं.

"मॅडम, पहिलाच फोटो द्या ना. समितीला एकच लागतो."

"देते की. सहा देते."

मी बाहेर जाऊन माझ्या गाइड सरांना फोन लावला. सरांनी मॅडमना लावला. मॅडमचं बोलणं दारातून मला ऐकू येत होतं. "सर, आपल्या मुलीसाठी आलेल्या स्थळाचा एकच फोटो बघून आपण होकार द्याल का?... नाही ना? मग झालं तर." त्यांनी फोन ठेवला. "सर म्हणालेत, सहाही घ्या." सर असं काही म्हणाले असतील यावर माझा आजही विश्वास नाही.

माझे डोळे भरून आले.

"रडायचं असेल तर बाहेर," त्या म्हणाल्या. "इथे मशीनला दमट हवा चालत नाही."

मी व्हरांड्यात जाऊन तोंड धुऊन आलो. मला वाटलं, माझा नमुना काढून ठेवला असेल. पण मशीन तसंच चालू होतं आणि दारात पुढच्या नंबरवाली मुलगी चिडून उभी होती. मॅडम तिला सांगत होत्या, "थांबा जरा. यांचं आधार कार्ड अडलंय."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला बॅटरीतलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं असं ऐकलंय. बसा आणि बघा."

रागारागाने बसलो. पण बघायला तर लागलोच. हळूहळू लक्षात आलं, की तडे कुठूनही जात नव्हते. जिथे दोन दाणे एकमेकांना चिकटलेले होते, तिथूनच सुरू होत होते. तिथे लेप पोचलेलाच नव्हता! एकटेदुकटे दाणे मात्र धडधाकट होते.

समितीसमोर मी सहाही फोटो लावले. एका सदस्यांनी विचारलं, चिकटल्याने असं का व्हावं? इंग्रजीतलं तयार उत्तर ऐन वेळी विसरलो आणि मराठीत म्हणालो, "सर, कढईत दोन भजी चिकटली की मधली बाजू कच्ची राहते, तसं." समिती हसली. मग त्यांनी आपसात बराच वेळ कुजबुज केली. फेलोशिप वाढली, पण एकच वर्ष. दाणे सुटे करून दाखवा, मग पुढचं बघू, म्हणाले.

दाणे सुटे करायला वर्ष पुरलं नाही, ती वेगळी रडकथा. शेवटी झाले. तोवर मॅडम निवृत्त झाल्या होत्या. आता मायक्रोस्कोपचं बुकिंग मोबाइलवर होतं, हवा तेवढाच फोटो हातात मिळतो आणि आपण जेवलो का, हे कुणी विचारत नाही.

पीएचडीची तोंडी परीक्षा संपली तेव्हा आधी घरी फोन केला, मग मॅडमना.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "पेढे आणू नका, मला शुगर आहे. ठेवा आता, गॅसवर दूध आहे."

"हो मॅडम, ठेवतो."

"थांबा. परीक्षकांनी तड्यांचं काय विचारलं?"

मी सांगायला लागलो. परीक्षकांचा पहिला प्रश्न, माझं उत्तर, त्यावर त्यांचा उलटा प्रश्न. पलीकडून नुसतं "हं, हं" येत होतं. तेवढ्यात मागे जोरात चर्र आवाज झाला.

"मॅडम, दूध उतू गेलं वाटतं."

"जाऊ दे हो," त्या म्हणाल्या. "पुढे काय झालं ते सांगा."