पिशवीची जागा

बाभुळगावच्या बसमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या एक मॅडम रोज भेटतात. खिडकीतून रुमाल टाकून त्या दोन जागा धरतात आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवतात. कोणी कुरकुरलं की म्हणतात, "पेशीलेबी पटल असते. लागन ते आत घेते, नको ते बाहेर ठेवते, म्हनून तर पेशी जगते." टोपलीवाली म्हातारी किंवा लेकुरवाळी चढली की पिशवी लगेच मॅडमच्या मांडीवर येते. आम्ही धडधाकट मात्र उभेच.

माझा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा मलाही तिथे बसवलं, वर डब्यातला लाडू दिला. प्लास्टर निघाल्यावरही मी लंगडतच चढलो.

त्यांनी पिशवी हलवली नाही. "मोडला तो डावा होता, सर. तुमी उजव्या पायानं लंगडून राह्यले!"