वन्संचा पदर आणि 'व्हय' म्हणणारी पोर

ज्याचे कान तपासून झालेले नाहीत तो माणूस बहिरा, अशी आमच्या वन्संची ठाम श्रद्धा आहे, आणि पेणपासून रोह्यापर्यंत या श्रद्धेतून कुणाची सुटका नाही. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. तोंडावर मी त्यांना ताई म्हणते. पण 'ताई'त त्यांचा दरारा मावत नाही, म्हणून मनातल्या मनात वन्संच. लग्न केलं नाही. "वेळच मिळाला नाय गो," म्हणतात, आणि ते खरं असावं. त्या विशेष शिक्षिका आहेत, पण एका शाळेच्या नव्हेत. आज गडब, उद्या निडी, परवा रोहा, असं करत ज्या मुलांना ऐकायला, बघायला, चालायला, समजायला अडचण आहे त्यांना त्यांच्याच सरकारी शाळेत जाऊन शिकवायचं. लोक त्यांना 'फिरत्या बाई' म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा हे नाव ऐकून मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलेलं आहे. आता इतक्या वर्षांनी सांगते, तो अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

त्यांच्या खांद्याला एक पिशवी असते. तिच्यात घुंगरू, शिट्टी, स्टीलची थाळी आणि सुक्या वाटाण्यांचा डबा. मिनीडोरमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या सहा आसनी रिक्षात, बसल्या आणि रस्त्यात खड्डा आला (आणि आमच्याकडे तो येतोच, वाट बघावी लागत नाही) की ही पिशवी अशी वाजते की मागून वरात येतेय असं वाटून समोरचे बाजूला होतात. एकदा ड्रायव्हरनं विचारलं, "बाई, लगीन कुनाचं हाय?" वन्सं म्हणाल्या, "तुझंच. पण आधी सांग, डाव्या कानानं नीट ऐकू येतं का?" बिचारा पेण येईपर्यंत एका हातानं डावा कान चोळत होता.

त्यांचं खरं हत्यार मात्र पदर. आमच्याकडच्या बाया आता कामाला जाताना सर्रास ड्रेस घालतात, वन्सं कधीच नाही. "ओढणी सरकते गो. पदर कसा हातात राहतो." हा पदर तोंडासमोर धरून त्या प्रश्न विचारतात. ओठ दिसले नाहीत तर समोरचा कानानंच ऐकतो की चेहरा वाचून वेळ मारून नेतो, ते कळतं. शाळेत ठीक आहे हो, पण घरीसुद्धा? माझ्या सासूबाई तर म्हणतात, "पोटच्या पोरीचं तोंड बघून पंधरवडा झाला." माझ्या मावसबहिणीला बघायला मुलगा आला होता. पोहे झाले, चहा आला, आणि वन्संनी त्याच्या पाठीमागे जाऊन थाळी धाडकन फरशीवर टाकली. मुलगा उडाला, चहा मुलीच्या साडीवर. सगळे शरमेनं मेल्यासारखे बसलेले, आणि वन्सं म्हणतात, "कान उत्तम आहेत. होकार द्यायला हरकत नाय." लग्न झालं. संसार छान चाललाय. तो नवरा अजून वन्संकडे पाठ करून बसत नाही.

आणि कौतुक तरी कशाचं करावं! निडीच्या एका मुलाला स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता आलं, म्हणून या बाईनं घरी पेढे आणले. माझे यजमान पदवीधर झाले तेव्हा साखरसुद्धा वाटली नव्हती म्हणे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा डॉक्टरांच्या गाडीच्या आधी वन्सं हजर. कुणाला चष्मा लागतो, कुणाचं पाऊल वाकडं पडतं, सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरांच्या मागे जाऊन हळूच वाटाणे वाजवतात.

गडबजवळच्या एका शाळेत त्यांना ती पोर भेटली. गोरीगोमटी, हसरी, चौथीत. बाप खाडीकडच्या मिठागरावर. गुरुजी म्हणाले, "बाई, पोरगी भारी गुणी. काय पन सांगा, व्हय म्हनते. पन डोक्यात काय शिरत नाय." पोरं तिला येडी म्हणत, आणि चौथी संपली की तिचं नाव काढायचं, हे घरी ठरून गेलेलं. बाप स्वतः सांगायला आला होता. "मिठागराव काय बोलाया लागत नाय, बाई. ऱ्हाईल माज्यासंगं."

वन्संनी पोरीला समोर बसवलं, पदर धरला आणि गोड आवाजात विचारलं, "तुझ्या बाबाला मिनीडोरखाली घालू का गो?"

"व्हय," पोरगी हसून म्हणाली.

बाप हादरला. वन्संनी पदर बाजूला केला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. पोरीनं त्यांच्या ओठांकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "नाय! कशाला?"

"डोकं चांगलं आहे हो," वन्सं म्हणाल्या, "कानात कमी आहे."

बापाला ते पटेना. "ह्या! माजी हाक तर बरोबर आयकते!" आणि त्यानं हाक मारून दाखवली. वन्सं म्हणतात, त्या हाकेनं शाळेच्या खिडक्यांची तावदानं वाजली. जन्मभर वाऱ्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारणारी माणसं ती. घरात मीठ मागायचं तरी वेशीपर्यंत ऐकू जायचं. त्या घरात पोरीला सगळं ऐकू येत होतं. ऐकू येत नव्हतं ते फळ्याकडे तोंड करून हळू बोलणाऱ्या आमच्या सज्जन गुरुजींचं.

वन्संनी त्याला सांगितलं, मागे उभा राहा आणि हळू हाक मार. पण त्याला हळू बोलताच येईना! आवाज उतरवला, तर शेजारच्या वर्गातली मुलं "हजर" म्हणाली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कसाबसा घसा आवळून त्यानं लेकीचं नाव घेतलं. पोरगी भिंतीवरचं चित्र बघत बसली. त्यानं पुन्हा घेतलं. मग डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसत राहिला. जाताना एवढंच म्हणाला, "नाव काडू नका गुरुजी."

पुढे वन्संच्या खेपा सुरू झाल्या, आणि जिल्ह्याच्या शिबिरातून पोरीला कानाचं मशीन मिळालं. पहिल्याच दिवशी ती बापाला म्हणाली, "बाबा, वरडू नको." तेव्हापासून त्या घरात सगळी कुजबुजतात म्हणे, शेजाऱ्यांना वाटलं, कुणी आजारी आहे. आम्ही हे ऐकून पोट धरून हसलो.

त्याच आठवड्यात एक दिवस वन्सं घरी आल्या आणि पिशवीसुद्धा न उतरवता ओट्याजवळ उभ्या राहिल्या. पोरगी मशीन लावून शाळेत आली होती. वर्गात शिरताना पाठीमागून कुणीतरी नेहमीसारखं "येडी आली" म्हणालं. ती वळली. आणि तिनं वन्संना विचारलं, "बाई, ही मला म्हनतात? रोज म्हनतात?" वन्संनी मुलांना फैलावर घेतलं, गुरुजींनी घेतलं, पण पोरगी सुट्टीत दप्तर उचलून घरी गेली. "इतकी वर्षं हसायची गो त्यांच्याकडे बघून," वन्सं म्हणाल्या. "आता काही ती शाळेत येत नाय."

दुसऱ्या दिवशी पाळी रोह्याची होती, तरी त्या गडबला उतरल्या. शाळेच्या वाटेवर पोरीची आई भेटली. मशीन डब्यात घालून ठेवलं होतं, म्हणाली, सकाळी पोरीनं आपणच काढून कानात लावलं. "मी म्हनलं, नको घालू गो, परत येडी म्हनतील. तर म्हनते, आये, म्हनू दे. कोन म्हनतं त्ये तरी आता मला कळतं."

"मग भेटलात ना तिला?" त्या संध्याकाळी हे सांगत होत्या तेव्हा मी विचारलं.

"खिडकीतून बघितलं. पहिल्या बाकावर बसली होती, गुरुजींच्या पुढ्यात. आत नाय गेले." वन्संनी मान खाली घातली. "काय तोंडानं जाऊ गो? ते ऐकायचे कान तिला मीच दिले ना."

एवढा दरारा असलेली बाई, डोळे भरून उभी. मला राहवलं नाही, मी सरळ त्यांच्या गळ्यात पडले. क्षणभर त्याही तशाच राहिल्या. मग माझ्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "सोड आता. रोह्याची पोरं राहिलीत आजची, उद्या लवकर निघायला हवं."