राज्यात दुसरी

मध्य प्रदेशच्या राज्य शालेय स्पर्धेत आठशे मीटरला मी तिसरी आले. माझ्यापुढे जबलपूरची एक उंच मुलगी होती. शेवटच्या वळणावर तिला गाठायचा मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण जमलं नाही. काही महिन्यांनी सौंसरला, माझ्या गावच्या शाळेत, प्रमाणपत्र आलं, तर त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं : द्वितीय.

मी ते पी.टी.च्या सरांकडे नेलं. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं.

"लिहिणाऱ्या बाबूनं गडबड केली," ते म्हणाले. "राहू दे. आपण थोडीच लिहिलं? अन् दिल्लीत तिसऱ्याले कोण पुसते?"

दिल्लीचा फॉर्म सरांनीच मागवला होता. तिथल्या एका नावाजलेल्या कॉलेजात खेळाडूंसाठी थोड्या जागा राखलेल्या असत. नुसत्या मार्कांवर तिथे जाणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती, आमच्या गावातून कोणी मुलगी तोवर दिल्लीला शिकायला गेलेली नव्हती. धावणाऱ्या मुलींसाठी दोन जागा होत्या. काही गुण प्रमाणपत्राचे, काही तिथल्या मैदानावरच्या चाचणीचे. मी गप्प राहिले आणि फॉर्म गेला.

माझे बाबा तहसिलीत कारकून होते. दिवसभर लोकांचे दाखले त्यांच्या हाताखालून जात. त्यांनी माझं प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घातलं आणि आल्यागेल्याला दाखवायला सुरुवात केली. "पाहा, राज्यात दुसरी." मी तेवढ्यात स्वयंपाकघरात पळायची. खरं सांगायची वेळ रोज येत होती आणि रोज टळत होती. जितके लोक ते पाहत होते, तितकं सांगणं अवघड होत चाललं होतं.

सकाळी बोरगावच्या रस्त्याने संत्र्यांच्या बगिच्यांमधून मी धावायला जायची. शेतावर निघालेल्या बाया विचारायच्या, "कोठं पयून राहिली वं पोरी?" धावताना मी हिशेब करायची. दुसऱ्या नंबरचे गुण धरले तर काय, तिसऱ्याचे धरले तर काय. आणि जबलपूरची तीही आली तर? ती कशाला येईल, मी स्वतःला समजवायची. मग वाटायचं, मी जाते आहे तर ती का नाही येणार?

चाचणीचं बोलावणं जूनमध्ये आलं. सौंसरहून बसने पांढुर्ण्याला गेलो आणि तिथून दिल्लीची गाडी धरली. बाबांनी माझ्यासाठी खिडकीजवळची जागा मिळवली. कागदांची पिशवी त्यांनी सगळ्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही. आईने दिलेल्या दशम्या त्यांनी खाल्ल्या. माझी दशमी मी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली.

"ट्रायलचं टेन्शन घेऊन राहिली का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

कॉलेजच्या मैदानाशी पोहोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कागद तपासायच्या टेबलापुढे मुलींची रांग होती. कितीतरी जणींच्या पायांत खिळ्यांचे बूट. माझे कॅनव्हासचे. मी कुणाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढ्यात मागून कोणीतरी माझा दंड धरला.

"अरे, तुम! पहचाना?"

तीच होती. ओळखीचं कोणी भेटलं म्हणून तिला इतका आनंद झाला होता, की तिने आपली पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "देखो न, मेरे सर्टिफिकेट में तृतीय लिख दिया. पापा तीन बार दफ्तर गए, कोई सुनता ही नहीं. तुम्हारा तो ठीक आया न?"

मी पाणी प्यायले. मग खोटं बोलले. "हां, ठीक है."

ती आपल्या जागी गेली. माझ्यापुढे पाच-सहा मुली उरल्या होत्या. रांग सरकली, तसं मी मागच्या मुलीला पुढे जाऊ दिलं. बाबा सावलीत उभे होते. मी रांग सोडून त्यांच्याकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाबांनी आधी प्रमाणपत्र काढून पाहिलं. "शिक्का तं बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मग त्यांनी विचारलं, "तू कितवी आली होती?"

"तिसरी."

"सरायले मालूम होतं?"

"हो."

"अन् मले नाही सांगितलं." एवढंच बोलून ते मैदानाकडे पाहत राहिले. मी वाट पाहिली. ते जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या हातातून कागद घेतला आणि टेबलाकडे निघाले. वाटेत जबलपूरच्या मुलीला सोबत घेतलं.

टेबलामागच्या बाईंनी दोन्ही प्रमाणपत्रं शेजारी ठेवली. तिघी-चौघींनी मिळून चर्चा केली. मग माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि सांगितलं, जे प्रमाणपत्र तूच चुकीचं म्हणतेस त्याचे गुण आम्हाला देता येणार नाहीत. तिचं मात्र तृतीयच धरू, नुसत्या बोलण्यावर नंबर बदलत नाही. म्हणजे मला तिसऱ्याचेही गुण नाहीत. मी हातात काहीच नसताना चाचणीला उभी राहिले.

जबलपूरची मुलगी छातीवर नंबर बांधताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं धावले, आणि तिच्याही पुढे, दुसरी आले. पण गुणांची बेरीज झाली तेव्हा जागा तिला आणि एका दिल्लीच्या मुलीला मिळाली. प्रतीक्षा यादीत माझं नाव पहिलं होतं.

त्यानंतरचा दीड महिना सगळ्यात वाईट गेला. बाबा कचेरीत जाताना रोज पोस्टात डोकावत. नागपूरच्या कॉलेजात प्रवेशाची मुदत संपत आली होती, आणि तिथे नाव घातलं तर दिल्लीची आशा सोडल्यासारखं होईल म्हणून मी अडून बसले होते. शेवटच्या दिवशी बाबांनी रजा टाकली आणि मला बसमध्ये बसवून नागपूरला नेलं. दिल्लीचं पत्र कधीच आलं नाही.

नागपूरला मी तीन वर्षं धावले, बरी धावले. पण पहिलं वर्षभर माझा बाबांवर राग होता. एकदा ते हॉस्टेलवर भेटायला आले तेव्हा मी विचारलंच, "दिल्लीत त्या दिवशी तुम्ही मले थांबवलं काऊन नाही?"

ते बाकावर बसून बूट सैल करत होते. दुसऱ्या बुटाची नाडीही सोडली. मग म्हणाले, "इथलं जेवण पचून राहिलं का तुले? वाळून गेली."