आर आणि आरी

आत्याबाई रस्त्यात कुणाचीही बैलगाडी थांबवत, गाडीवानाच्या हातातली पराणी मागून घेत आणि तिच्या टोकाला ठोकलेला अणकुचीदार खिळा दगडाने वाकवून परत देत. "घे. आता हाण खुशाल," एवढंच म्हणून पुढे चालू लागत. कुरुंद्याच्या पलीकडच्या आमच्या गावात असा एकही गडी नव्हता, की ज्याची पराणी त्यांनी बोथट केली नव्हती. मागून लोक हसत, पण तोंडावर कुणी काही बोलत नसे. नवरा गेल्यावर स्वतः नांगर धरून बारा एकर रान पिकवलेली बाई होती ती. गाव सगळं त्यांना आत्याबाईच म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले.

मी सेनगावाकडून लग्न होऊन त्यांच्या शेजारच्या घरात आले, तेव्हा निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं चालू होती. आल्या आल्या मी एकदा ओरडले, "अहो, त्या बैलाला आरी टोचून रक्त आलंय!" माहेरी आम्ही पराणीच्या खिळ्यालाही आणि जोडे शिवायच्या हत्यारालाही आरीच म्हणत असू. आत्याबाई भिंतीपलीकडून आल्या त्या तावातावानेच.

"आरी न्हाई सूनबाई, आर. पराणीच्या टोकाला असती ती आर. जोडे शिवणाऱ्याची ती आरी."

"दोन्ही टोचायच्याच ना, आत्याबाई?"

"टोचायच्याच. पर आर जित्या कातड्यात जाती, आरी मेल्या कातड्यात. इतका फरक कळाया नको व्हय?"

आरीवर मात्र त्यांचा राग नव्हता. उन्हाळ्यात विहिरीवरची चामड्याची मोट फाटली की लिंबाजी त्यांच्या अंगणात येऊन बसे. गावाचे जोडे आणि मोटा शिवणारा तो एकटाच. तो आरीने चामड्याला भोक पाडी आणि आरीच्या टोकाच्या खाचेत चामड्याची बारीक वादी अडकवून अलगद बाहेर ओढी. आत्याबाई समोर बसून चामड्याची कड ताणून धरत. गावातल्या बायका याला नाकं मुरडत, कारण लिंबाजीची सावलीही त्या चुकवत. आत्याबाई म्हणत, "त्याच्या हातच्या मोटेचं पाणी पिता ना सगळ्या?" लिंबाजी खाली मान घालून हसे. आत्याबाईंचा एकुलता एक मुलगा किसन लहानपणी त्याच्याच मांडीशी बसून चामड्याच्या कातरणांचे बैल करायचा.

किसन तेवीस-चोवीस वर्षांचा असताना ते घडलं. जवळा बाजारहून परतताना ओढ्याच्या उतारावर त्याची आणि पाटलाच्या मुलाची गाडी समोरासमोर आली. आधी कोणी जायचं यावरून बोलाचाली झाली. पाटलाच्या मुलाने नवीच आर ठोकलेली पराणी किसनच्या बरगडीखाली खुपसली. बाजारची बरीच माणसं तिथं होती. किसन कसाबसा गाडी हाकत घरी आला आणि अंगणात कोसळला. मी धावले, तोवर आत्याबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "आई, आर लागली," एवढंच तो बोलला. दिवेलागणीच्या आत गेला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून पोलिसांचे अमीनसाहेब आले. त्यांना मराठी येत नव्हतं. पाटील शेजारी बसून आत्याबाईंचं बोलणं उर्दूत करून सांगत होते.

"लडका मरते वखत क्या बोला?" अमीनांनी विचारलं.

"आर लागली म्हणाला," आत्याबाई म्हणाल्या.

"आरी बोला, साब," पाटील म्हणाले. "मोचीकी आरी."

"आरी न्हाई! आर! आर!" आत्याबाई किंचाळल्या.

अमीनांनी हात वर केला. "एकीच बात है, माँ."

त्याच दुपारी लिंबाजीला दोरीने बांधून नेलं. त्याची बायको धुरपा वेशीपर्यंत मागे पळत गेली. ओढ्यावर असलेल्या माणसांपैकी कुणीही पुढे आलं नाही.

त्यानंतर आत्याबाईंनी शेत बटाईने दिलं आणि तालुक्याच्या फेऱ्या धरल्या. एकदोनदा मी बरोबर गेले. ठाण्याच्या पायरीवर त्या ताटकळत बसत आणि जो कुणी वर्दीवाला बाहेर येईल त्याला सांगत, "साहेब, आरीच्या टोकाला खाच असती, ती निघताना मांस ओढून आणती. माझ्या लेकराच्या अंगाला गोल भोक व्हतं. मी बोटानं दाबून धरलं व्हतं, मला म्हायती हाय." ऐकणारा मान फिरवून निघून जाई. गावात म्हणू लागले, पोराच्या दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलं. नाही तर कोणती आई पोराच्या मारेकऱ्याची वकिली करते? पाटलांनी निरोप धाडला, की आता गप राहावं. त्या गप राहिल्या नाहीत. पण ऐकणारंही कुणी उरलं नव्हतं. मीसुद्धा शेवटी शेवटी म्हणायची, "आत्याबाई, सोडा आता." त्या म्हणत, "लिंबाजी तिथं तुरुंगात बसून राहिला ना, मी काहून सोडू?"

मग निजामाचं राज्य गेलं. तालुक्याला नवा अधिकारी आला, मराठी बोलणारा. आत्याबाई पुन्हा गेल्या, मला घेऊन. "लेकरू आर लागली म्हणालं, आन् धरलं जोडे शिवणाऱ्याला," एवढं त्या बोलल्या, तेवढ्यात तो म्हणाला, "म्हणजे मावशी, बैलाची आर? मग जोडे शिवणाऱ्याला कशाला धरलं?"

आत्याबाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत कुणी पहिल्या वाक्यात समजून घेईल असं त्यांना वाटलंच नसावं. त्याने आठवड्याने यायला सांगितलं. आठवड्याने गेलो तेव्हा त्याने त्यांना खुर्ची दिली, आणि मान खाली घालून सांगितलं, की लिंबाजीवर काही गुन्हा उरला नाही, पण तो गेल्या आषाढातच तुरुंगात तापाने वारला आहे. पाटलाच्या मुलाविषयी विचारलं तर म्हणाला, "बघणारा एक तरी माणूस आणा, मावशी." तो कुठून आणायचा?

आम्ही घरी न जाता सरळ धुरपाकडे गेलो. ती दारात बसून तूर निवडत होती. आत्याबाई उभ्यानेच बोलल्या.

"धुरपे, साहेबाला पटलं. लिंबाजीनं काही केलं न्हाई असं त्यो म्हणाला." मग म्हणाल्या, "आन् लिंबाजी गेला, पोरी. आषाढातच गेला."

धुरपाचा हात सुपात थांबला.

"पहिली गोष्ट मला ठावं व्हती, आत्याबाई," ती म्हणाली.

तिने सूप बाजूला सारलं. आत्याबाई तिथंच उंबऱ्याशी खाली बसल्या आणि अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.